सायकलस्वाराचा घोटा



या व्यासपीठावर कालपर्यंत संतवाङ्मय झाले, राज्यघटना झाली, पाण्याचा प्रश्न झाला. आज तुम्ही एका कामगार-कार्यकर्त्याला बोलावलेत. तेव्हा हा गृहस्थ महागाईभत्त्यावर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलणार, अशी तुमची समजूत झाली असेल. मी विषय लिहून दिला तो ‘सायकलस्वाराचा घोटा’. चिटणीसांनी फोन करून विचारले, “भाऊ, घोटाच ना? गोठा नव्हे ना?” मी म्हटले, घोटाच. मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते थोडे पुस्तकांतून, थोडे सायकलदुरुस्तीच्या दुकानांतून आणि बरेचसे माझ्या स्वतःच्या डाव्या पायाकडून शिकलो आहे.

आमचा एक सभासद फिटर होता. वय अठ्ठेचाळीस. घरापासून कारखाना अकरा किलोमीटर, आणि रात्रपाळी सुटते त्या वेळी बस नाही. तो वर्षानुवर्षे सायकलने येई. एका पावसाळ्यानंतर त्याचा डावा घोटा धरू लागला. आधी सकाळी उठल्यावर, मग जिना उतरताना, मग मशीनपाशी उभे राहिल्यावरही. दवाखान्यात सांगितले, “वय झाले, सायकल सोडा.” सायकल सोडायची म्हणजे रात्रपाळी सोडायची, आणि रात्रपाळी सोडायची म्हणजे भत्ता सोडायचा. एकोणीस दिवस बिनपगारी रजा झाली. मी माझ्या सवयीप्रमाणे अर्ज केला, हलके काम मागितले, दिवसपाळी मागितली, व्यवस्थापनाशी दोन वेळा भांडलो. घोषणाही झाल्या. एवढे सगळे केले. पण त्याची सायकल काही मी पाहिली नाही.

पाहिली ती योगायोगाने. सायकलस्टँडवर त्याची वाट पाहत उभा होतो. चाळा म्हणून डावे पायडल बोटाने फिरवले, तर ते सरळ फिरेना; त्याचे बाहेरचे टोक हवेत वर्तुळ काढू लागले. आस वाकलेली होती. विचारले तर म्हणाला, “भाऊ, श्रावणात खड्ड्यात पडलो होतो. सायकल चालते की, म्हणून लक्ष नाही दिले.”

सायकल चालत होती, पण त्याचा पाय दर फेरीला एकदा आत आणि एकदा बाहेर कलत होता. दर फेरीला. या ‘दर फेरी’चा हिशेब आपण करत नाही, म्हणून तो इथे करून दाखवतो. साध्या काळ्या सायकलीला पुढे 44 दाते आणि मागे 18 दाते असतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे पायडलच्या एका फेरीला सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. अकरा किलोमीटरला दोन हजार फेऱ्या. जाऊनयेऊन चार हजार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एक लाख. महिन्याला एक लाख वेळा कोणी तुमचा घोटा मुरगाळायचा किंचित प्रयत्न केला, तर वय अठरा असले काय आणि अठ्ठेचाळीस असले काय?

पायडलची जोडी बदलली. दुखणे दुसऱ्या दिवशी गेले असे मी सांगणार नाही. सहा-सात आठवडे लागले. त्या एकोणीस दिवसांचे पैसे मात्र मला मिळवून देता आले नाहीत. कामावर येता-जाता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच धरावा अशी दुरुस्ती राज्य विमा कायद्यात 2010 साली झाली होती. परंतु खड्ड्यात पडल्याची नोंद आमच्या माणसाने कुठेच केलेली नव्हती, आणि मीही त्याला तेव्हा विचारले नव्हते. ती चूक मी माझ्याच खात्यावर लिहिली आहे.

आता घोट्याकडे वळू. पोटरीचे स्नायू खाली येऊन एका जाड दोरीत मिळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला बांधलेली असते. वैद्यकात तिला कंडरा म्हणतात. ग्रीक पुराणातल्या अकिलीस वीराच्या नावाने ती जगभर ओळखली जाते. शरीरातली ही सर्वांत जाड कंडरा. पण टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून तिथे झीज झाली की ती लवकर भरून येत नाही. सायकलवाल्याचे घोट्याचे दुखणे बहुधा याच जागी असते; टाचेच्या मागे चिमटीत धरले की ओरडायला लावते.

ही दोरी किती ओढली जाते? पाऊल म्हणजे एक पहार समजा. घोट्याचा सांधा हा टेकू. पुढे चवड्यापर्यंतची दांडी लांब, मागे कंडरेपर्यंतची आखूड. ढोबळमानाने पुढची दांडी मागचीच्या अडीच पट धरली, तर चवड्याने पायडलवर दहा किलोचा दाब दिला की मागच्या दोरीवर पंचवीस किलोचा ताण येतो. म्हणजे पायडल चवड्याच्या जितके पुढे, बोटांकडे, तितका ताण अधिक; जितके मागे, टाचेकडे, तितका कमी. ज्याने पहारीने दगड उचलला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

साध्या सायकलीवर पाऊल मोकळे असते. दुखले की माणूस आपोआप सरकवतो, जागा बदलतो. शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचे तसे नाही. त्यांच्या बुटाच्या तळाला एक तुकडा बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. तो पायडलमध्ये खट्कन अडकतो. ज्या जागी तो स्क्रूने आवळला, त्याच जागी पाऊल तासन्‌तास राहते. आता आमच्या कारखान्यांतली तरुण मुलेही रविवारी असले बूट घालून घाटात जातात. त्यांतल्याच एकाने आपले जुने बूट मला दिले, आणि तीन महिन्यांत माझा घोटा त्या फिटरसारखाच बोलू लागला.

या क्लीटची हकिकत ऐकण्यासारखी आहे. जुन्या काळी शर्यतीचे खेळाडू चामड्याचे बूट वापरत. नवा बूट आणला की आधी क्लीट न लावता काही दिवस तसेच चालवायचे. पायडलच्या पट्टीचा वळ तळव्याच्या चामड्यावर उमटला, की त्या वळावर क्लीट खिळ्यांनी ठोकायची. म्हणजे आधी पायाने आपली जागा सांगायची आणि मग लोखंडाने तिथे बसायचे. क्लीट पट्टीत अडकवून वरून चामडी पट्टा आवळत. पडताना पाय सुटेल याची खात्री नसे. 1971 साली चिनेली या इटालियन कारखान्याने पट्ट्याशिवायचे पायडल काढले, पण त्यातून पाय सोडवायला खाली वाकून हाताने खटका ओढावा लागे. पडणारा माणूस खटका कधी ओढणार? ते फारसे चालले नाही.

मग फ्रान्समधल्या लुक या कंपनीने 1984 साली नवे पायडल बाजारात आणले. या कंपनीचा धंदा बर्फावर घसरण्याच्या फळ्यांना बूट अडकवण्याच्या साधनांचा. पडताना बूट आपोआप सुटला पाहिजे, ही विद्या त्यांना आधीच अवगत होती. टाच बाहेर वळवली की पाय मोकळा. 1985 साली बर्नार्ड इनो हा फ्रेंच खेळाडू याच पायडलवर टूर द फ्रान्स जिंकला, पाचव्यांदा. हाच इनो 1980 साली पिवळा जर्सी अंगावर असताना गुडघ्याच्या दुखण्याने शर्यत सोडून गेला होता, आणि 1983 साली त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आणि 1985 च्या शर्यतीत आधीच्या दोन वर्षांचा विजेता लोराँ फिन्यो का नव्हता? तर त्याच्या टाचेमागच्या याच कंडरेवर शस्त्रक्रिया झाली होती. ऐन पंचविशीत असलेला, लागोपाठ दोनदा जिंकलेला माणूस एका दोरीपायी घरी बसला. आमच्या फिटरला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे वयाचे काही नव्हते तर!”

पहिली लुक पायडले पायाला अगदी जखडून धरीत. तक्रारी आल्या, तेव्हा पाय थोडा डावीउजवीकडे वळू शकेल अशा क्लीट निघाल्या. आज लुकच्या काळ्या क्लीटमध्ये शून्य अंश मोकळीक असते, करड्यात साडेचार, तांबड्यात नऊ. शिमानोची तांबडी मात्र शून्य अंशाची, निळी दोन आणि पिवळी सहा. म्हणजे एका कंपनीचा तांबडा अगदी सैल आणि दुसरीचा तांबडा अगदी घट्ट! दुकानात नुसता रंग सांगून वस्तू आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. माझ्या बुटाला शून्य अंशाची होती आणि तीही वाकडी बसवलेली. देणाऱ्या मुलाचा पाय सरळ पडतो, माझी टाच जन्माची आत वळते. त्याचे माप माझ्या पायाला लावले होते.

बसवायची कशी ते सांगतो. आधी टेबलावर बसून पाय मोकळे लोंबकळत सोडा आणि पावले कुठे वळतात ते पाहा. क्लीटचा कल त्याप्रमाणे ठेवा. दोन्ही पाय सारखे असतीलच असे नाही. मग अंगठ्याच्या मुळाचे हाड बोटाने चाचपा. नेहमीची रीत अशी की हे हाड पायडलच्या आसावर यावे. टाचेमागे दुखत असेल तर क्लीट टाचेच्या दिशेने सरकवा. पहारीची दांडी आखूड होते. पण एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, आणि हलवण्यापूर्वी जुन्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ काढून ठेवा. दोन-चार दिवस चालवून पाहा, मग पुढचा बदल. मी पहिल्या दिवशी उत्साहाने तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेमके कशाने बरे वाटले आणि कशाने गुडघा दुखू लागला हे मला आजतागायत कळलेले नाही. क्लीट झिजून डुगडुगत असेल तर ती सरकवत बसू नका, बदला. आणि पाऊल आत-बाहेर कलत असेल, तर आधी पायडलची आस तपासा. आस बदलायची झाल्यास डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे विसरून जोर लावू नका. कित्येक क्रँक त्याने फुकट गेल्या आहेत.

क्लीटपेक्षाही मोठा गुन्हेगार सीट. सीट उंच असेल तर खालच्या टोकाला पायडल गाठायला माणूस चवडा ताणतो, पोटरी सारखी आवळलेली राहते. फार खाली असेल तर टाच बुडते आणि कंडरा ताणली जाते. फिन्यो आणि इनो या दोघांनाही तयार करणारा सिरिल गिमार याच्याकडून आलेले एक माप आहे: जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी, तिला 0.883 ने गुणावे, आणि क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवावे. ज्याच्याकडे फूटपट्टी नाही त्याने पायडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवावी. गुडघा नुकताच सरळ झाला पाहिजे, आणि कंबर कलता कामा नये. कामगारांनी हे माप सेफ्टी बूट घालून घ्यावे. जाड तळाच्या बुटाने पाय उंचावतो, म्हणजे सीट तेवढी खाली गेल्यासारखे होते. क्लीट मागे घेतलीत तर सीटही थोडी खाली घ्यावी लागते.

एवढे करूनही दुखणे उरले तर काय? स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन नावाचे सर्जन आहेत. त्यांची स्वतःचीच कंडरा दुखत होती. त्यांनी वरिष्ठांना शस्त्रक्रिया करा म्हटले. वरिष्ठ म्हणाले, तुम्ही रजेवर गेलात तर काम कोण करणार? म्हणून, असे सांगतात, ती एकदाची तुटावी आणि शस्त्रक्रिया करावीच लागावी या हेतूने आल्फ्रेडसन पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम दुखत असतानाच करू लागले. कंडरा तुटायची ती बरी झाली! 1998 साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघा सरळ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून तसेच तीन, दिवसातून दोनदा; म्हणजे रोज 180 वेळा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. रजा नाकारणाऱ्या वरिष्ठाने विज्ञानाची सेवा केल्याचे मला माहीत असलेले हे एकमेव उदाहरण. व्यवस्थापनाने कृपया त्याचा दाखला माझ्याविरुद्ध देऊ नये.

मात्र काही वेळा पान्ह्याचा काही उपयोग नसतो. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून फट् असा आवाज झाला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याचा संभव आहे. त्याच दिवशी रुग्णालयात जा. घोटा सुजून लाल आणि गरम झाला असेल तरीही जा. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे नुकतीच घेतली असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. या औषधांनी कंडरा दुखावू किंवा तुटू शकते, असा ठळक इशारा छापण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली भाग पाडले. जुलाब झाले की आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीवाचून मागितल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगितले.

आमच्या युनियनच्या कचेरीत आता एक पेटी आहे. तिच्यात दोन पान्हे, ॲलन किल्ल्यांचा जुडगा, मापाची टेप आणि पेन्सिल. घोट्याची नाहीतर गुडघ्याची तक्रार घेऊन कोणी आला की अर्जाचा कागद काढण्याआधी मी त्याच्याबरोबर सायकलस्टँडवर जातो. पेटी आज बरोबर आणली आहे. ज्यांची सायकल बाहेर उभी आहे त्यांनी आभारप्रदर्शनानंतर फाटकापाशी थांबावे. तो फिटरही आला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे; पायडल तपासायला माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे.