कळस चढला, आता उकिरडा उचलू या

(दौलताबाद येथे मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



आज मंदिरावर कळस चढला. कुणी पैसा दिला, कुणी धान्य दिले, कुणी अंगमेहनत केली. सर्वांचे आभार अध्यक्षांनी मानलेच आहेत. मला बोलायचे आहे ते मंदिराच्या मागच्या बाजूविषयी. निर्माल्य, पत्रावळी, दुधाच्या पिशव्या, चहाचे कप, सारे तिथे एकाच ढिगात पडते. गाभारा धुवायचा आणि घाण मागे लोटायची, ही कसली भक्ती?

दूर टाकले की संपले, असे आपण समजतो. तसे नाही. औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराने, वर्षानुवर्षे आपला कचरा नारेगावला टाकला. धूर आणि दुर्गंधी सोसून थकलेल्या तिथल्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या. शहर नवी जागा शोधू लागले. मार्चमध्ये गाड्या आपल्याच रस्त्यावरच्या मिटमिट्याला आल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला. 'आमच्या दारात नको' हे मिटमिट्याचे म्हणणे आपल्याला पटले. पण आपली घाण कुणाच्या दारात जाते, हे आपण कधी विचारले का?

दोष कचऱ्याचा नाही, मिसळण्याचा आहे. खरकटे कागदाला लागले की कागद कबाडी घेत नाही. प्लास्टिक खरकट्यात गेले की चांगले खत होत नाही. म्हणून २०१६ साली सरकारने ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचा नियम केला. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने हे करून दाखवले. लहानसे गाव, पण नगरपरिषदेने वेगवेगळा कचरा गोळा केला, ओल्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात घातले. तिथला कचरा डेपो पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले!

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक घरी दोन डबे असावेत. ग्रामपंचायतीची गाडी ठरल्या वेळी दारात यावी. ओल्या कचऱ्याचे आणि निर्माल्याचे खत आपल्या सीताफळांना, अंजिरांना घालावे. सुके विकून येणारा पैसा गोळा करणाऱ्यांच्या मजुरीत घालावा आणि त्याचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा. काचा, औषधे, जुने सेल यांत मिसळू नयेत. देणगीदारांना विनंती, की पहिल्या गाडीचा आणि खताच्या खड्ड्यांचा खर्च त्यांनी उचलावा.

याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथमहाराजांनी एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका घराने मिसळून दिलेला डबा ही तशीच एक पै आहे. तेवढ्याने साऱ्या गाडीचा हिशेब चुकतो. म्हणून सुरुवात मोठ्या घरांनी, मंदिराने आणि हॉटेलवाल्यांनी आधी करावी.

देऊळ आपण बांधले. आता गावही देवळासारखे ठेवू या.