दोन दिवसांचे शिबिर, जबाबदारीचे शिक्षण

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शनिवारची सकाळची शाळा सुटते आणि पंचवीस-तीस मुली पाठीवर वळकटी व हातात शिध्याची पिशवी घेऊन गावाबाहेरच्या माळाकडे पायी निघतात. हे शाळेचे गाईड पथक होय. रविवारी दिवस मावळण्यापूर्वी त्या परततात. म्हणजे शिबिर जेमतेम तीस तासांचे. परंतु त्यांतील कित्येकींच्या आयुष्यात घरापासून दूर काढलेली ती पहिलीच रात्र असते. त्यामुळे शिबिराची सूचना निघताच पालकांकडून प्रश्न येतो, 'मुलींनी रात्री माळावर राहायचे कशाला?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे शाळेचे व गावाचे कर्तव्य आहे.

मुलींनी मिळविलेले स्थान

हा प्रश्न आजचा नव्हे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले, ते केवळ मुलांचे होते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच गणवेश करून, बोलावणे नसताना तेथे हजर झाल्या. त्यांचा आग्रह डावलता आला नाही. १९१० साली मुलींसाठी गाईड संघटना स्थापन झाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अॅग्नेस यांनी उचलली. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, जबलपूर येथे भारतातील पहिले गाईड पथक सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली व १९५१ मध्ये गाईड संघटना तीत विलीन झाली. गाईडांच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे आंतरराष्ट्रीय केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. मुलींचे शिबिर ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. ती प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचलेली नाही, एवढेच.

काम तेच, निर्णय स्वतःचा

शिबिराचा पाया म्हणजे संघपद्धती. सहा ते आठ मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातीलच एक संघनायिका. तंबू कोठे ठोकावा, हा पहिला निर्णय तिचा. ओढ्याचे पात्र कोरडे दिसले तरी तेथे तंबू नको, वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली नको, वारा कोणत्या दिशेचा हे आधी पाहावे. शौचासाठी चर खणावयाचा तो विहिरीपासून किंवा ओढ्यापासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या बाजूस. आरोग्याच्या पुस्तकातला हा धडा येथे कुदळ हाती घेऊन शिकला जातो.

स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुलींना नवीन नाहीत. घरी ती सांगितली म्हणून केली जातात. शिबिरात मात्र कोणी काय करावयाचे, शिधा किती घ्यावयाचा, जळण किती लागेल, हे मुली आपसांत ठरवितात आणि चुकल्यास परिणामही सोसतात. चुलीवरचा भात करपतो, तेव्हा गाईड कॅप्टनने पळी हातात घेऊ नये. करपलेला भात खाल्लेला संघ दुसऱ्या दिवशी विस्तव आवरायला शिकतो. पळी शिक्षिकेच्या हाती गेली की शिबिराची सहल होते.

रात्री शेकोटीभोवती गाणी व नकला होतात. नंतर निखाऱ्यांवर पाणी ओतून विस्तव पूर्ण विझविला जातो आणि दोघी-दोघींचा पहारा सुरू होतो. कॅप्टन जवळच जागी असते. अंधारात पानांचा आवाज कोणता व पावलांचा कोणता, हे ओळखता येऊ लागले की निम्मी भीती ओसरते.

रविवारी सकाळी व्यायाम व ध्वजवंदन झाल्यावर खुणांचा माग काढणे, होकायंत्र वाचणे, अंदाज बांधणे हे कार्यक्रम होतात. एक मीटरच्या काठीची सावली अर्धा मीटर पडली आणि त्याच वेळी झाडाची सावली चार मीटर भरली, तर झाड आठ मीटर उंच. फळ्यावर अवघड वाटलेले प्रमाण येथे सहज उलगडते. गळ्यातील स्कार्फची झोळी करून मोडलेला हात आधाराने बांधणे, दोन काठ्या व घोंगडी यांची डोली करणे, हेही येथेच शिकविले जाते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, रुग्णाला धीर देऊन दंशाचा अवयव न हलविता त्वरित रुग्णालयात न्यावे, एवढे ज्ञान घेऊन तीस मुली तीस घरी परतल्या, तर गावाचा लाभ केवढा!

गावाने करावयाचे काम

हे सारे सुरक्षितपणे पार पडावे, याची जबाबदारी मोठ्यांची आहे. पालकांची लेखी संमती आणि प्रत्येक मुलीच्या आजाराची व औषधांची नोंद आधीच घ्यावी. मुक्कामास पुरेशा शिक्षिका असाव्यात. ग्रामपंचायतीने पिण्याच्या पाण्याची, आडोशाची व उजेडाची सोय करावी. पोलीस पाटील आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना पूर्वसूचना द्यावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल, हे आधी पाहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाळीचे दिवस आहेत म्हणून अनेक मुली आयत्या वेळी शिबिरातून गळतात. त्यांना घरी ठेवण्याचे काहीच कारण नाही. आडोसा, पुरेसे पाणी आणि वापरलेल्या पॅडची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था, एवढे असले म्हणजे पुरे. तसेच गणवेश नाही किंवा शिधा आणता येत नाही म्हणून एकही मुलगी मागे राहू नये. शिधा एकत्र केला की कोणी किती आणला, हे कोणी विचारत नाही.

मानसभेतील आवाज

निघण्यापूर्वी संघनायिकांची मानसभा बसते. काय चुकले, कोणाचे काम उल्लेखनीय झाले, पुढच्या वेळी काय बदलावे, याची चर्चा होते. कॅप्टन ऐकत असते. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी येथे आपल्या संघाची बाजू मांडते. जिला आठ जणींच्या पाण्याचा हिशेब मांडता आला व त्यावरचा आक्षेप ऐकून घेता आला, ती उद्या ग्रामसभेत गावाच्या पाण्याबद्दल बोलावयास कचरणार नाही. महाराष्ट्रातील पंचायत राज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्या जागांवर बसणाऱ्या उद्याच्या सदस्या आज शाळेत आहेत, हे विसरून चालणार नाही.

शेवटी चर बुजविले जातात, चुलीचे दगड जागच्या जागी जातात, कागदाचा कपटाही मागे राहत नाही. मुली रांगेने गावाकडे निघतात. त्यांची वाट पाहणाऱ्या पालकांना सकाळपर्यंत आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते. प्रत्येक शाळेने वार्षिक नियोजनात अशा एका शनिवार-रविवारची नोंद करावी आणि प्रत्येक पंचायतीने त्यासाठी गावाजवळची एक सुरक्षित जागा मुक्रर करावी, एवढीच विनंती.