सुईच्या टोकावरचा प्रकाश

थंडींत थिजलेल्या तुपाचें भांडें मंद आंचेवर ठेवलें, म्हणजे सारें तूप एकदम पातळ होत नाहीं. कांहीं ठिकाणीं तें आधीं वितळतें, कांहीं ठिकाणीं मागाहून. झांकण काढून पाहिलें तरच हें कळतें.

व्हॅनेडियम डायऑक्साइड या पदार्थाचें झांकण काढणें शास्त्रज्ञांना फार दिवस साधलें नव्हतें. एरव्हीं विजेला अडविणारा हा पदार्थ सुमारें ६८ अंश सेंटिग्रेडच्या वर धातूप्रमाणें वीज वाहूं लागतो. मॉरिन यांनीं हा पालट १९५९ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांचे गुण इलेक्ट्रॉनांच्या परस्पर ओढाताणीवर ठरतात, अशा पुंजपदार्थांपैकीं हा एक.

पालट होतांना आंत काय घडतें, हें पाहावें कसें? प्रकाशलहरीच्या सुमारें निम्म्या लांबीहून बारीक तपशील सूक्ष्मदर्शकांत वेगळा दिसत नाहीं, हें आबे यांनीं १८७३ सालींच दाखविलें होतें. येथें उपयोगी पडणाऱ्या अवरक्त प्रकाशाची लहर तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी लांब. सफेदीच्या कुंचल्यानें रांगोळीची रेघ कशी काढावी?

आयर्लंडमधील सिंज यांनीं १९२८ सालीं उपाय सुचविला: प्रकाश दुरून न टाकतां लहरीहून पुष्कळ लहान छिद्रांतून वस्तूच्या अगदीं अंगालगत आणावा. पुढें छिद्राऐवजीं धातूचा मुलामा दिलेली सुई आली. तिच्या टोकाशीं प्रकाश एकवटतो, आणि खालच्या जागेचा गुण घेऊन परत विखुरतो. मग बारकाई लहरीच्या लांबीवर नव्हे, तर टोकाच्या जाडीवर अवलंबून राहते. अंध मनुष्य बोटानें उठावाचीं अक्षरें वाचतो, तशी ही सुई पृष्ठभाग ओळीओळीनें वाचीत जाते.

कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथील विद्यापीठांत काझिलबाश, बासोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं या रीतीनें व्हॅनेडियम डायऑक्साइडचा पातळ थर तापवीत तापवीत पाहिला. २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतका तपशील त्यांना दिसला. विद्युद्रोधक भूमीवर धातूचीं चिमुकलीं डबकीं उमटलीं, वाढलीं, एकमेकांस मिळालीं. २००७ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें.

पण खरी नवलाई पुढेंच आहे. त्या डबक्यांतील धातु पूर्ण तापलेल्या धातूसारखा नव्हता. त्यांतील इलेक्ट्रॉन अधिक जड झाल्याप्रमाणें वागत होते. दुरून मोजणाऱ्यास तो थर केवळ अर्धा धातु व अर्धा रोधक असाच भासला असता. ही निराळी अवस्था त्या सरासरींत बुडून गेली असती. ती सांपडली, कारण प्रकाश वस्तूच्या इतका जवळ नेला गेला.