मूठभर माती आणि एक कागद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



चळवळीतल्या माणसाने चित्रपट पाहावा की पाहू नये, हा वाद एके काळी मोठ्या गांभीर्याने घातला जाई. पाहणारे थोडेसे ओशाळून पाहत आणि न पाहणारे त्याचे व्रतच करीत. या वादात एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली गेली. ज्या माणसांसाठी चळवळ चालवायची, ती माणसे या काळात चित्रपटगृहात, जत्रेतल्या तंबूत आणि पुढे घरोघरच्या पडद्यासमोर बसली होती. चित्रपट त्यांना काय सांगतो, याची दखल न घेणारा कार्यकर्ता त्यांच्या आयुष्याचा एक मोठा कोपरा न पाहताच राहिला.

एखाद्या चित्रप्रेमी कार्यकर्त्याने काही जुने आणि काही नवे चित्रपट लागोपाठ पाहिले, तर त्याला काय आढळेल? सोयीसाठी पाच घेऊ : बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (1953), जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (1974), श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) आणि पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ (2024). जाता जाता नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चाही (2013) उल्लेख करावाच लागेल.

मुळात सुरुवात व्हायला हवी ती कोल्हापुरापासून. बाबूराव पेंटर यांनी 1925 साली ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पौराणिक चित्रांचा तो काळ. अशा वेळी कर्जात बुडालेला, जमिनीला मुकलेला आणि अखेर शहराची वाट धरणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पेंटरांनी 1936 मध्ये त्याचा बोलपट केला. मूळ मूकपट मात्र आज पाहावयास मिळत नाही. देवदेवतांच्या गर्दीतून पहिल्यांदा वाट काढणारा कर्जबाजारी शेतकरी असा हरवावा, ही केवळ अभ्यासकांची हळहळ नव्हे. गरिबाचा जसा सात-बारा गहाळ होतो, तसा त्याचा इतिहासही गहाळ होतो.

‘दो बिघा जमीन’मधला शंभू महातो हा याच शेतकऱ्याचा धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाही. जमीनदाराला गिरणीसाठी त्याची दोन बिघे जमीन हवी असते. शंभूच्या हिशेबाने देणे पासष्ट रुपयांचे; जमीनदाराच्या कागदावर ते दोनशे पस्तीस होते. प्रकरण न्यायालयात जाते, न्यायालय कागद पाहते आणि शंभूला तीन महिन्यांची मुदत देते. मग तो कलकत्त्याला येऊन हातरिक्षा ओढू लागतो. या भूमिकेसाठी बलराज साहनी यांनी प्रत्यक्ष रिक्षा ओढण्याचा सराव केला होता, आणि ते कष्ट पडद्यावरच्या शरीरात दिसतात. दोन रिक्षांतल्या उतारूंची शर्यत लागते, वेग वाढवण्यासाठी पैसे वाढत जातात, आणि चाक निखळून शंभू कोसळतो. हा प्रसंग पाहिल्यावर बाजारपेठेचे अर्थशास्त्र समजावण्यास वेगळे व्याख्यान लागू नये. शेवटी जमीन लिलावात जाते. कुंपणाबाहेर उभा असलेला शंभू मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकून द्यावयास लावतो.

हा चित्रपट 2025 मध्ये दुरुस्त प्रतीच्या रूपाने व्हेनिसच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला. तथापि आदर राखूनही त्याच्या उणिवा सांगितल्या पाहिजेत. शंभूवर संकटे इतकी एकामागून एक कोसळतात की कारण विसरून प्रेक्षक दैवालाच दोष देऊ लागतो. शंभू कोणाशी संघटित होत नाही; त्याच्या चांगुलपणाखेरीज त्याच्यापाशी दुसरे हत्यार नाही. जातीचा प्रश्न तर चित्रपटाने जवळपास बाजूलाच ठेवला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील पुरोगामी मनाला दारिद्र्य दिसत होते, जात पुरेशी दिसत नव्हती, याची ही प्रामाणिक साक्षच मानावी लागेल.

पुढचे दोन चित्रपट एकत्र पाहण्याजोगे आहेत, कारण दोहोंची पटकथा विजय तेंडुलकर यांची, आणि दोहोंचा विषय एका अर्थाने सहकार. ‘मंथन’ची जन्मकथाच मोठी विलक्षण आहे. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या पैशांतून चित्रपट उभा राहिला. डॉ. राव गावात येतो, दूध सोसायटीची कल्पना मांडतो. खाजगी डेअरीचा मालक मिश्रा आणि गावचा सरपंच त्याला विरोध करतात. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच हरतो, दलित उमेदवार निवडून येतो, आणि त्याची किंमत दलितांना जळालेल्या झोपड्यांनी मोजावी लागते. मिश्रा बिंदूचा अंगठा एका कागदावर घेतो आणि तोच कागद रावच्या विरुद्ध वापरला जातो. शंभूच्या वेळचा कागद पुन्हा समोर येतो. फक्त या वेळी तो सावकाराच्या चोपडीतला नाही.

बिंदूची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली ही मुलगी पडद्यावर ग्रामीण स्त्रीचे सोंग आणीत नाही, तिचा ताठा आणि तिचा संशय घेऊन उभी राहते. अखेरीस रावची बदली होते आणि तो गाव सोडून जातो. काम पुढे चालवतो तो गावातलाच भोला. बाहेरून आलेल्या सुशिक्षित कार्यकर्त्याने ही अखेर दोनदा पाहावी. आपण गेल्यावर काय उरते, या एकाच कसोटीवर त्याचे काम जोखले जाणार आहे.

‘मंथन’ सहकाराचा जन्म दाखवतो. ‘सामना’ दोन वर्षे आधी त्याचे पुढचे भविष्य दाखवून मोकळा झाला होता. हिंदुराव धोंडे पाटलाच्या साम्राज्यात साखर कारखाना आहे, पैसा आहे, आणि त्या समृद्धीच्या तळाशी एका माणसाचे नाहीसे होणे आहे. डॉ. श्रीराम लागू यांचा दारुड्या मास्तर मारुती कांबळेचे काय झाले हा एकच प्रश्न धरून बसतो. निळू फुले यांचा हिंदुराव हा जुन्या चित्रपटातला सावकार नव्हे. तो लोकांनी निवडलेला, विकास करून दाखवणारा, मनाचा मोठा वाटणारा माणूस आहे. म्हणून तो अधिक भीतिदायक ठरतो. निळू फुले स्वतः सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले. हिंदुरावाला माणूस म्हणून समजून घेऊनच त्यांनी उभा केला, राक्षस म्हणून नव्हे. सहकारी चळवळीकडून मोठ्या आशा बाळगलेल्यांना हा चित्रपट टोचला असेल, तर तो टोचायलाच हवा होता. भागभांडवल लोकांचे असले म्हणजे सत्ता लोकांची होते, असे नाही.

आता नव्याकडे वळू. ‘कोर्ट’मध्ये वीरा साथीदार यांनी साकारलेल्या नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. या चित्रपटात खलनायक शोधून सापडत नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. कोणी क्रूर नाही. फक्त तारखा पडत राहतात. मृताची पत्नी साक्ष देते तेव्हा उलगडते की आत विषारी वायू आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी तो मॅनहोलमध्ये दगड टाकून झुरळे बाहेर पडतात का ते पाही. सुरक्षेचे एवढेच साधन! हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा संसदेने 2013 मध्ये केला; त्यानंतरही गटारात माणसे मरत राहिली. कायद्याचा कागद आणि गटाराचे झाकण यांमधले अंतर ‘कोर्ट’ आवाज न चढवता मोजतो.

‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. तीस वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तेथील मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. मुंबईच्या इस्पितळात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि छाया कदम यांनी रंगवलेली स्वयंपाकीण पार्वती यांची ही कथा. पार्वतीच्या राहत्या जागेवर बिल्डरची नजर आहे. ती तिथे वर्षानुवर्षे राहिली आहे. पण पतीच्या मागे तिच्याजवळ ते सिद्ध करणारा कागद नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती तिथे नव्हतीच. अखेर ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. शंभूच्या बायकोचे नावही पार्वतीच होते. सत्तर वर्षांपूर्वीची पार्वती कागदामुळे गावाबाहेर काढली गेली, आजची पार्वती कागदाअभावी शहराबाहेर. हा योगायोग खरा, पण इतिहास मात्र योगायोगाने घडलेला नाही.

जाण्यापूर्वी ही बाई बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारते. ‘फँड्री’च्या अखेरीस जब्यानेही दगड भिरकावला होता. डुक्कर पकडताना साऱ्या शाळेने त्याला हसून पाहिलेले असते. आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे रंगवलेल्या भिंतीवरून ते डुक्कर वाहून न्यावे लागलेले असते. त्याचा दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्या भिंतीवर चित्रे रंगवून आपले काम झाले असे मानणारे सर्व जण त्या दगडाच्या टप्प्यात आहेत. पुरोगामी म्हणवणारे त्यातून वगळलेले नाहीत.

जुन्या आणि नव्या चित्रपटांतला फरक यातून स्पष्ट होतो. जुन्यात अन्यायाला चेहरा होता : सावकाराचा, जमीनदाराचा, डेअरीमालकाचा. नव्यात तो फाइलीत, तारखेत आणि करारनाम्याच्या बारीक अक्षरांत शिरला आहे. चळवळीची भाषणे मात्र अजून चेहराच शोधत फिरतात. उलट, नव्यांचीही एक उणीव आहे. त्यांची माणसे एकटी आहेत. ‘मंथन’मधली गर्दी, सोसायटीसमोरची ती दुधाची रांग, त्यांच्यात क्वचितच दिसते. दगड मारला जातो, पण तो एकट्याने किंवा दोघींनी. हा दिग्दर्शकांचा दोष म्हणायचा की समाजात खरोखरच संघटना विरळ झाल्याचे ते चिन्ह, याचे उत्तर चित्रपटगृहात मिळणार नाही. ते चळवळीलाच द्यावे लागेल.

आणखी एक विसंगती आहे. पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला ‘मंथन’ 2024 मध्ये दुरुस्त होऊन कान महोत्सवात सन्मानाने दाखवला गेला, ही आनंदाची बाब. पण सफाई कामगाराच्या वस्तीत ‘कोर्ट’ आणि परिचारिकांच्या वसतिगृहात पार्वतीची कथा किती वेळा दाखवली गेली? ज्यांच्याविषयी चित्रपट आहे ते आणि ज्यांनी तो पाहिला ते, यांची गाठच पडली नाही, तर टाळ्यांना अर्थ उरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन साधी कामे आहेत. पहिले असे की अभ्यासवर्गात वर्षातून चार तरी चित्रपट रीतसर परवानगी घेऊन, संबंधित वस्तीतल्या माणसांसह पाहावेत आणि नंतर बोलण्याचा पहिला मान त्या माणसांना द्यावा. दुसरे काम पडद्यावरचे नाही. शंभूचा हिशेब, बिंदूचा अंगठा आणि पार्वतीचे घर यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे : गरिबाचा कागद कोणीतरी वेळेवर वाचून द्यावा लागतो. ते काम चळवळीतल्या जुन्या माणसांनी झाडाखाली, चावडीवर बसून केले होते. चित्रपट संपून दिवे लागल्यावर शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईला तिच्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे हे ज्या कार्यकर्त्याने विचारले, त्याला तो चित्रपट समजला असे म्हणता येईल.