गुडघ्याचा पट्टा आणि मांडीचे बळ



दुखऱ्या गुडघ्याला सल्ल्यांची उणीव कधी पडत नाही. कोणी तेल सुचवितो, कोणी डिंकाचे लाडू, आणि एखादा हितचिंतक औषधांच्या दुकानातून सरळ पट्टाच आणून हाती ठेवतो. आमच्या घरी ती हितचिंतक मीच होते. आईचे वय तेव्हा 71 होते. पणजीच्या चर्चच्या त्या नागमोडी पायऱ्या ती वर्षानुवर्षे चढत आलेली, परंतु 8 डिसेंबरच्या फेस्ताला पहिल्याच वळणावर ती थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली, "तू जा वर. मी इथूनच प्रार्थना करते." दुसऱ्या दिवशी मी पट्टा विकत आणला.

प्रारंभी तिला फार बरे वाटले. साध्या ताणाच्या पट्ट्याने सांध्याला ऊब मिळते, गुडघा कसा वळतो आहे याचे भान राहते आणि मनाला धीर येतो. तो धीरच आम्हांला नडला. सकाळी घातलेला पट्टा ती निजतानाच काढू लागली, आणि 'गुडघा झिजला आहे, आता जपावा' म्हणून चालणेही कमी केले. चार महिन्यांनी पाहतो तो, पट्ट्यावाचून खुर्चीतून उठताना तिचा पाय थरथरू लागला! फिजिओथेरपीसाठी नेले, तेव्हा तेथील तरुण बाईंनी टेप घेऊन आधी दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखऱ्या बाजूचा घेर दोन सेंटिमीटर कमी भरला. "आजी, गुडघ्याचा खरा पट्टा हा," मांडीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आणि तोच तुम्ही उतरवून ठेवलात."

'झिजणे' हा शब्दच मोठा फसवा आहे. तो ऐकला की गाडीचे चाक डोळ्यांपुढे येते. जितके फिरवावे तितके झिजणारे. डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, त्या संधिवातात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होते हे खरे; परंतु ती कूर्चा जिवंत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते, आणि भार पडणे व सुटणे या आळीपाळीने तो द्रव तिच्यात आतबाहेर होतो. पाय हलविलाच नाही, तर हे पोषण मंदावते. शिवाय दुखणे आणि सूज यांमुळे मांडीच्या पुढील चार स्नायूंना मेंदूकडून मिळणारी आज्ञाच क्षीण होते. स्नायू दुबळा झाला की भार सांध्यावर पडतो, सांधा अधिक दुखतो, आणि माणूस अधिक बसून राहतो.

हा भार काही थोडाथोडका नव्हे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार येतो. स्थूल व्यक्तींवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात (2005) असे आढळले की, वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो.

आता व्यायामाकडे वळू. आईला प्रथम दिलेला व्यायाम इतका साधा होता की तिला तो थट्टाच वाटला. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून मांडी आवळायची, पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा. दुसरा व्यायाम उताणे निजून करावयाचा. एक पाय दुमडावा आणि दुसरा सरळ ठेवून वीतदीड वीत उचलून धरावा. पंधरवड्यानंतर खुर्चीतून हातांच्या आधारावाचून उठणे आणि सावकाश बसणे आले. यांतले सावकाश बसणे अवघड, आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी. पुढे घराच्या उंबऱ्याएवढ्या पायरीवर चढउतार. हे आठवड्यातून तीन दिवस. इतर दिवशी सपाट रस्त्यावर चालणे. व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. ते दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरावे. न ओसरल्यास संख्या कमी करावी, व्यायाम सोडू नये. फरक जाणवायला दोनतीन महिने लागतात, आणि बहुतेक माणसे तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. वर्गात गृहपाठाची जी गत, तीच इथे!

मग पट्टा फेकून द्यावा काय? याविषयी जाणत्यांचेच एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये, चालणे, स्थैर्य किंवा वेदना यांचा प्रश्न गंभीर असलेल्यांना मांडी व नडगी यांमधील सांध्यासाठी पट्ट्याची ठाम शिफारस केली. उलट ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2022 मध्ये, तो सरसकट देऊ नये. सांधा अस्थिर असेल किंवा भार वाकडा पडत असेल, आणि पट्ट्यावाचून व्यायाम जमत नसेल, तरच द्यावा, असे सांगितले. व्यायामाविषयी मात्र दोघांत दुमत नाही. मला ब्रिटिशांचे म्हणणे अधिक पटते. पट्टा हा व्यायामाचा सोबती आहे, बदली शिक्षक नव्हे.

गुडघे बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखे वाकलेले असतील, तर भार आतल्या अंगावर एकवटतो. त्यासाठी बिजागरीचा कडक पट्टा असतो. तो भार थोडा दुसऱ्या अंगाकडे सरकवितो. असा पट्टा डॉक्टरांच्या सल्ल्याने, माप देऊनच घ्यावा. साधा पट्टाही अंदाजाने घेऊ नये. खोक्यावर सांगितलेल्या जागी घेर मोजावा. मी आईसाठी 'मोठाच बरा' म्हणून घेतलेला पट्टा पोटरीवर घसरत असे. फार घट्ट असला तर पाय सुजतो, मुंग्या येतात. चालण्याच्या, जिन्याच्या, बाजाराच्या वेळी घालावा. घरी बसताना आणि निजताना काढावा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी कातडी रोज तपासावी. सांधा एकाएकी लाल व गरम झाला, ताप आला, गुडघा अडकून बसला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

गुडघे टेकण्याचा प्रश्न आईला फार बोचत असे. आमच्या पाद्रींनी तो एका वाक्यात सोडविला: "बाकावर बसून करा." पुढल्या डिसेंबरात ती पट्टा घालून पायऱ्या चढली, कठडा धरून, चांगला पाय आधी टाकीत, दोन वळणांवर विसावा घेऊन. वर पोचल्यावर पट्टा काढून तिने पिशवीत टाकला. उतरताना, दुखरा पाय आधी टाकायचा म्हणून, तो पुन्हा चढविला.