खिचडीची रांग आणि रेशनकार्ड

(युवा मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली चार वर्षं दर रविवारी आमचा पंधरा-वीस जणांचा गट पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाबाहेर खिचडी वाढतो. खर्च आम्ही वर्गणीतून करतो. तुम्हीही या कामात या, हे सांगायला मी आलोय. पण तेवढंच सांगून थांबणार नाही.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. १५० माणसांना १२ किलो तांदूळ आणि ६ किलो मूगडाळ लागते. म्हणजे माणशी १२० ग्रॅम. मोहल्ल्यातले एक भटारी चाचा देग सांभाळतात. कांदा चिरणं, वाढणं, ताटं धुणं यात मुलामुलींची वेगवेगळी कामं नाहीत, पाळी सगळ्यांवर येते. खिचडी शाकाहारी असते, म्हणजे कुणालाही ताट हातात घेऊन विचार करत बसावं लागत नाही. नाव, जात, धर्म आम्ही विचारत नाही. फोटो काढत नाही.

रांगेत बहुतेक रुग्णांचे नातेवाईक असतात. बीड, लातूर, सोलापूरकडून आलेले. रुग्णाला आत जेवण मिळतं, सोबत आलेल्या आईला किंवा भावाला मिळत नाही. त्यांच्या मागे मजूर अड्ड्यावर काम न मिळालेली माणसं, धुणीभांडी करणाऱ्या बायका, एकटी राहणारी म्हातारी माणसं.

रमजानमध्ये आमच्याकडे स्वयंसेवक इतके येतात की उभं राहायला जागा नसते. ईदनंतरच्या रविवारी कांदा चिरायला चार जण असतात. रांग मात्र तेवढीच असते. म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे: महिन्यातला एकच रविवार द्या, पण बाराही महिने द्या.

दुसरं मागणं जरा अवघड आहे. दर आठवड्याला तेच चेहरे दिसायला लागले, तेव्हा आम्ही त्यांच्याशी बोलायला लागलो. एका आजींचं कार्ड होतं, पण मशीनवर अंगठा जुळत नाही म्हणून दुकानदार परत पाठवायचा. एका बाईंचं कार्ड मराठवाड्यात सासरी होतं. पुण्यात ते चालतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड गावचं असलं तरी धान्य शहरातल्या रेशन दुकानातून घेता येतं. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, ही केंद्राची सूचना २०१७ पासून आहे. आजींबरोबर आमच्यातली एक मुलगी दुकानात दोनदा गेली. तिसऱ्या महिन्यात आजी एकट्या जाऊन धान्य घेऊन आल्या.

आता हिशेब करा. ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. आमच्या एका ताटातच १२० ग्रॅम जातं. म्हणजे कायद्याचं धान्य पोटभर नाहीच. पण आम्ही आठवड्यातून एकदा वाढतो. ते धान्य महिनाभर घरात असतं आणि त्यासाठी रांगेत कुणाचे आभार मानावे लागत नाहीत.

काहींना तेही मिळत नाही. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. घरात महिन्याला ५,००० रुपये आले, तर वर्षाचे ६०,००० होतात आणि ते कुटुंब बाहेर पडतं. शिवाय किती लोकांना धान्य द्यायचं हा इष्टांक अजून २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे. माणसं वाढली, इष्टांक तोच राहिला. हा प्रश्न खिचडी वाढून सुटणार नाही. त्यासाठी अर्ज करावे लागतील, माहिती अधिकार वापरावा लागेल, नगरसेवक-आमदारांना विचारावं लागेल, आणि इतर समाजांतल्या लोकांबरोबर विचारावं लागेल, कारण रांग सगळ्यांची आहे.

आपल्यातल्या बहुतेकांना सूरह अल-माऊन पाठ आहे. त्यात ठपका कुणावर आहे ते पाहा. जो मिस्कीनला जेवू घालण्यासाठी इतरांना उद्युक्त करत नाही, त्याच्यावर. म्हणजे स्वतः वाढून मोकळं होणं पुरेसं नाही, दुसऱ्याला त्याच्या जबाबदारीची आठवण करून देणंही आपल्याकडेच येतं. या दुसऱ्यात सरकारही आलं, असं मी समजतो.

तुमच्यातल्या बहुतेकांना ऑनलाइन फॉर्म भरता येतो, मराठीत अर्ज लिहिता येतो. रांगेतल्या अनेकांना ते जमत नाही. आता देगेशेजारी आम्ही एक टेबल लावतो. दोन जण, एक फोन, एक वही. वाढायला माणसं मिळतात, टेबलावर बसायला मिळत नाहीत, कारण ते काम कंटाळवाणं आहे. एकेका कार्डाला महिने लागतात.

आज इथून जाताना वाढणाऱ्यांच्या यादीत नाव लिहा. त्यातल्या दहा जणांनी टेबलाच्या यादीतही लिहा.