आघात मनावर, बिघाड हृदयात
ऑक्टोपस धरण्यासाठी जपानी कोळी अरुंद तोंडाचे, फुगीर बुडाचे मडके वापरतात. त्याचे नाव ताकोत्सुबो. मोठ्या मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा खालचा कप्पा असाच फुगतो, हे हिकारू सातो व सहकाऱ्यांनी १९९० साली नोंदविले. २००४ मधील निइगाताच्या भूकंपानंतर तेथे असे रुग्ण वाढले. एरवीही यात उतारवयातील स्त्रियाच बहुसंख्य. हृदयाच्या रोहिण्या मोकळ्या असतात आणि बहुधा काही आठवड्यांत हृदय पूर्ववत होते. तथापि आरंभीच्या दिवसांत ठोक्यांची लय प्राणावर बेतण्याइतकी बिघडू शकते. शिवाय छातीतील कळ व हृदयाचा विद्युत आलेख झटक्यासारखेच असल्याने रोहिण्यांच्या तपासणीखेरीज भेद कळत नाही. सुतकाच्या घरातील वृद्धेला कळ आली असता ‘मनाला लागले’ म्हणून निजवून ठेवू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे.